हॉकीच्या कोचला अंडर-१४ च्या कपावरून मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र आलेलं, की खेळाडू हा जात्याच असावा लागतो, कोच काय डोंबल शिकवणार, हॉकीतल्या धनराज पिल्लेला कुठे कोच होता, तो तर मोडक्या स्टिकने खेळून मोठा झाला. ते वाचल्यापासून डोक्यात भुंगा लागलाय म्हणून लिहायला बसलो. मी स्वतः मुंबईत नोकरीला असताना कंपनीच्या टीमकडून लीग खेळायचो, खालच्या डिव्हिजनला, फार मोठा प्लेअर नव्हतो. आता गावी काजूचं बघतो आणि मुलगी शाळेच्या हॉकी टीममध्ये हाफला (मधल्या फळीत) खेळते, पंच कमी पडला की मलाच शिट्टी देऊन उभा करतात. पत्र लांबलं तर कापा, हरकत नाय.

धनराजचं उदाहरण खरं आहे पण अर्धं. तो पुण्याच्या खडकीचा. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत, वडील तिथे ग्राउंडमन, घरात मोठे भाऊ हॉकीवाले, बाहेर पडलं की संध्याकाळी पोरांच्या हातात स्टिका. मोडकी का असेना, स्टिक होती, आणि ती कशी धरायची ते दाखवायला मोठा भाऊ होता, शेजारचा दादा होता. पुढे भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या टीमकडून खेळायचा, त्याने धाकट्याला बोलावून घेतलं, तिथे ज्योकिम कार्व्हालोंसारख्या ऑलिम्पिक खेळलेल्या माणसाचं मार्गदर्शन मिळालं, मग चार ऑलिम्पिक, १९९२ पासून २००४ पर्यंत. म्हणजे त्याला कोच नव्हता असं कसं म्हणायचं, अख्खी खडकीच त्याची कोच होती.

ध्यानचंदांचं पण तेच. १९२२ ला सोळा-सतरा वर्षांचे असताना सैन्यात भरती झाले, त्याआधी नाव घेण्याजोगी हॉकी खेळले नव्हते. रेजिमेंटमधले सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना खेळाची गोडी लावली आणि शिकवलं. आता तिवारींचं नाव किती जणांना माहिती आहे, विचारून बघा २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात हार घालायला आलेल्या पाहुण्यांना.

आता आमच्याकडे या. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, कुठेही जावा. कबड्डी पोराला कोणी शिकवावी लागत नाही, वाडीतल्या मोठ्या पोरांची पकड बघत बघत ते स्वतःच चढाईला जातं. टेनिस बॉलचं क्रिकेट तर विचारूच नका, भात कापून झालं की कुणग्यात स्टंप रोवले, झालं. पण हॉकी? घरात कोणी खेळलेलं नाही, वाडीत नाही, टीव्हीवर ऑलिम्पिक आलं की तेवढी दिसते. इथल्या पोराला हॉकी म्हणजे काय ते फक्त एका माणसाकडून कळतं, शाळेतल्या पीटीच्या सरांकडून नायतर संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या कोचकडून. मोठा भाऊ तोच, शेजारचा दादा तोच, टीव्ही पण तोच. म्हणून माझं म्हणणं असं की खडकीत किंवा ओडिशाच्या सुंदरगडात, जिथे गावोगाव हॉकी आहे, तिथे कोच जेवढा परिणाम करतो त्याच्या दुप्पट आमच्या किनारपट्टीवर करतो, चांगलाही आणि वाईटही. सुंदरगडात चुकीचा कोच मिळाला तर पोरगं शेजारच्या पोराचं बघून दुरुस्त होईल, इथे कोणाचं बघणार?

साधी हाताची गोष्ट घ्या. हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच, नियमातच बसत नाही, सगळ्यांनी एकाच बाजूच्या सपाट अंगाने खेळायचं. डावा हात वर, उजवा खाली, आणि स्टिक फिरवायची ती डाव्याने, उजवा नुसता सैल धरायचा, त्यात दांडा फिरला पाहिजे. आमची पोरं येतात क्रिकेटमधून, दोन्ही हात जवळ आणि बॉल दिसला की उजव्याच्या जोरावर झोडायचा. दहा वर्षांच्या पोराचं हे वळण महिन्या-दोन महिन्यांत मोडता येतं, रोज कोणी मागे लागलं तर. सोळाव्या वर्षी नाही मोडत, मी प्रयत्न करणारी पोरं बघितलीत, धावायला हरणासारखी पण रिव्हर्सला (डाव्या बाजूला, जिथे स्टिक उलटी फिरवावी लागते) बॉल आला की संपलं. ती पोरं कमी टॅलेंटची नव्हती ओ, त्यांना त्या वयात कोणी हाताला धरून सांगितलं नाही इतकंच.

आणि स्टिकची उंची. मोठ्या माणसांची स्टिक साडेछत्तीस-सदतीस इंची, ती दहा वर्षांच्या पोराला दिली की ते दांडा मधेच धरतं, वरचा भाग पोटात टोचतो, म्हणून ताठ उभं राहतं, ताठ उभं राहिलं की बॉल स्टिकखालून जातो. मग बाहेरून आम्ही पालक ओरडतो, वाक गो वाक! कशी वाकणार ती? बघणाऱ्या कोचला हे पहिल्या दिवशी कळतं, न बघणाऱ्याला तीन वर्षांनी पण कळत नाही.

मैदानाचं तर काय सांगू. आमचं ग्राउंड जांभ्याचं, लाल माती, मधेमधे खडे. बॉल दीडशे ग्रॅमच्या वरचा, दगडासारखा कडक, तो खड्यावर उडून एकदा नडगीवर बसला की पोरगं महिनाभर स्टिक पुढे न टाकता पाय मागे घेतं. इथे कोचची खरी परीक्षा असते. आमच्याकडे मागे एक सर होते (नाव छापू नका, त्यांना आवडणार नाही), ते नवीन पोरांना पहिले काही दिवस टेनिस बॉलवरच ठेवायचे, बॉल थांबवायचा, स्टिक जमिनीला टेकलेली पाहिजे, एवढंच. शिनगार्ड (नडगीवर बांधायचं) नसेल त्याला मॅचला उतरवायचे नाहीत, पालक भांडले तरी नाही. पावसात मैदानात पाणी, मग शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर पास, दोरीच्या उड्या. बाकीच्या शाळा जूनपासून बंद आणि डीएसओचं (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं) तालुका स्पर्धेचं पत्र आलं की एकदम जाग्या होतात.

वर्षातून एकदा ते पोरांना टेम्पोत घालून गोव्यात म्हापशाला न्यायचे, पेड्याच्या संकुलात टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) आहे ना, २०२३ च्या नॅशनल गेम्सची हॉकी तिथेच झाली. खेळायला मिळो न मिळो, बसून बघा म्हणायचे, बॉल किती जोरात येतो आणि जमीन सोडत नाही ते. मला वाटायचं कशाला डिझेल जाळतायत. पण टर्फ काय करतं ते आपल्या देशाने एकदा भोगलंय, १९७६ ला मॉन्ट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा टर्फवर झाली आणि तोवर सात सुवर्णं घेतलेला आपला संघ सातवा आला. खड्यावर उडणाऱ्या बॉलची सवय झालेलं पोर अचानक विभागीय किंवा राज्य स्पर्धेत टर्फवर गेलं की हरवून जातं, आणि घरी येऊन म्हणतं मला हॉकी येत नाही. ते नुसतं बघून आलेलं असलं तरी फरक पडतो.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. आपल्याकडे कोच चांगला की वाईट हे ठरतं कशावरून, तर अंडर-१४ चा कप आणला की नाही त्यावरून. पेपरात फोटो, हार, संस्थेचे चेअरमन मधे उभे. आणि कप आणायचा असेल तर सगळ्यात सोपा रस्ता कोणता? वर्गातली उंच, दांडगी पोरं घ्यायची, जन्मतारीख जानेवारी-फेब्रुवारीची बघायची. वयोगटाची रेष १ जानेवारीला असते, जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरमधलं पोर एकाच गटात खेळतं, बारा-तेराव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत केवढा फरक असतो ते आईबापांना सांगायला नको. खेळातल्या अभ्यासकांनी हे जगभर बघितलंय की लहान गटांच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त असतात. मग हे दांडगं पोरगं सेंटर फॉरवर्ड, त्याला बॉल द्या, ते जोरात मारेल, कप आला. डिसेंबरवाला बेंचवर पाण्याच्या बाटल्या सांभाळतो आणि आठवीत हॉकी सोडतो. पुढे चार वर्षांनी सगळी सारखी उंच होतात, दांडग्याचा जोर संपतो, त्याला स्किल कोणी शिकवलेलंच नसतं, आणि ज्याला शिकवलं असतं तर आलं असतं तो मोबाईलवर गेम खेळत बसलेला असतो. कप मात्र शाळेच्या कपाटात आहे.

तसंच ते बाहेरून ओरडणं. एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर मागून येऊ दे येऊ दे करतो ना, तसं काही कोच साठ मिनिटं मॅच चालवतात. दे, मार, डावीकडे, मागे ये! पोरगी बॉल मिळाला की आधी कोचकडे बघते मग मैदानाकडे. हॉकीत सगळा खेळ बॉल यायच्या आधी काय बघितलं त्याचा आहे, मान वर करून डावीउजवीकडे नजर टाकायची आणि मग बॉल घ्यायचा, हे एकदा अंगात बसलं की बसलं. ते आमचे सर मॅचमध्ये गप्प असायचे, हाफटाइमला फक्त विचारायचे, "बॉल येवच्या आधी काय बघलंस तां सांग." उत्तर नाही आलं तर रागवायचे नाहीत, परत तेच विचारायचे पुढच्या मॅचला. त्यांच्या टीमने कप फार कमी आणले, म्हणून संस्थेत त्यांची किंमत नव्हती हे पण सांगून टाकतो.

गोलकीपर कोणाला करतात बघा. जे पोरगं धावायला जड त्याला पॅड बांधतात, शिक्षा दिल्यासारखं. भारताचा गोलकीपर श्रीजेश, त्याचं बघा त्याउलट. केरळचा, आपल्यासारखाच समुद्राकाठचा प्रदेश, तिथे फुटबॉलचं वेड, हॉकीचं फार नाही. बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलला गेला, तोवर धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल. तिथल्या कोचनी त्याला गोलकीपिंगला घातलं. वडिलांनी कीपिंगच्या किटसाठी गाय विकली ही गोष्ट त्याने स्वतः सांगितलीय. पुढे चार ऑलिम्पिक, टोकियोला आणि पॅरिसला दोन ब्राँझ. त्या कोचनी त्या दिवशी दुसरं पोरगं निवडलं असतं तर? केरळात होऊ शकतं ते सिंधुदुर्गात का नाही, समुद्र तोच, पाऊस तोच.

मुंबईत मर्झबान पटेल म्हणून आहेत, सगळे बावा म्हणतात. वर्षानुवर्षं शाळेची पोरं गोळा करून शिकवतात, विरेन रस्किन्हा, एड्रियन डिसूझा, युवराज वाल्मिकी ही पुढे भारताकडून खेळलेली पोरं त्यांच्या हाताखालून गेली. २०१९ ला कोचना देतात तो द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हरियाणात शाहाबाद म्हणून लहानसं गाव आहे, तिथे बलदेव सिंग, कडक माणूस. त्यांच्या मैदानावरून राणी रामपाल, नवज्योत कौर, नवनीत कौर अशा तिघी टोकियोच्या टीममध्ये होत्या. राणीने सांगितलंय की कोच रोज अर्धा लिटर दूध आणायला सांगायचे, घरी परवडायचं नाही, मग ती थोड्या दुधात पाणी घालून नेई. टोकियोत तीच कॅप्टन होती आणि आपल्या मुली चौथ्या आल्या. ग्रॅहम रीड, क्रेग फुल्टन ही भारताच्या पुरुष संघाच्या परदेशी कोचची नावं आमच्या पोरांना आता पाठ आहेत, चांगलंय, पण त्यांच्या हातात प्लेअर येतो तो तयार होऊन. त्याचे हात, त्याची नजर, त्याची भीती हे सगळं आधीच कुठल्या तरी धुळीच्या मैदानावर ठरलेलं असतं.

मुलींचं वेगळं सांगायलाच हवं. सातवी-आठवीत मुली जातात, एकदम चार-पाच. कारण विचारलं तर अभ्यास. खरं कारण मैदानावर संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, आणि घरात आजी, "चेडवाक कित्याक व्हयी ती हॉकी?" माझ्या आईनेच म्हटलंय, दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ. त्या वेळी कोच घरी येऊन चहा पिऊन दोन गोष्टी बोलला, मॅचला जाताना कोण बाई सोबत आहेत ते सांगितलं, किती वाजता परत आणून सोडणार ते सांगितलं, तर निम्म्या मुली थांबतात. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात की नाही देव जाणे.

आणि जिथे एकाच माणसाच्या हातात सगळं आहे तिथे डोळे उघडे पण ठेवायला पाहिजेत. टीममध्ये कोण, बाहेरगावी कोण जाणार, सर्टिफिकेटवर सही कोणाची, सगळं कोच. दहावीला ग्रेस मार्क, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण, यासाठी पालक काहीही ऐकून घेतात. कोच सगळ्यांसमोर पोराला घालूनपाडून बोलला, तरी गप्प. स्टिकने पायावर मारलं, तरी "शिस्त लावतायत". कडक असणं वेगळं आणि मारणं वेगळं, बलदेव सिंगांचं नाव सांगून आपला हात सैल सोडणारे पण बघितलेत. मुलींच्या टीमबरोबर बाई नसेल तर टीम जाऊ देऊ नका, एवढं तरी पालकांनी ठरवावं, पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) २०१२ पासून आहे पण तो आपल्याला आठवतो घडून गेल्यावर.

मग चांगला कोच मिळाला तर टिकतो का, तर नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत हॉकीला माणूस येतो तो मानधनावर, मार्चला संपलं की संपलं, जूनला नवीन कोण येईल सांगता येत नाही. एक म्हणतो बॉल पुश कर, दुसरा म्हणतो हिट कर, तिसरा आला तो मुळात व्हॉलीबॉलवाला. कायम असलेल्या पीटीच्या शिक्षकांचं म्हणाल तर निवडणुकीची कामं, कसले कसले सर्व्हे, उरलेल्या वेळात हॉकी. त्यात आमचं कॅलेंडर. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि मधे चतुर्थी, पोरं रात्रभर भजनात, सकाळी मॅचला डोळे चोळत. नंतर जत्रा, दशावतार. मी दशावताराच्या विरोधात नाही, मी स्वतः पहाटेपर्यंत बसतो. पण कोच इथलाच असला तर त्याला हे माहिती असतं, तो सराव त्या हिशोबाने लावतो, मॅचच्या आदल्या दिवशी सांगतो आज भजन नाय, उद्या उकड्या तांदळाची पेज खाऊन या. बाहेरून चार महिन्यांसाठी आलेल्याला ते कुठून कळणार, तो पोरांना आळशी म्हणून मोकळा होतो.

कोच सगळं करतो असं मी म्हणत नाही. टर्फ नाही, किट महाग, अठराव्या वर्षी घर चालवायला पोरगं मुंबईला जातं, तिथे कोच काय करेल. पण आपल्याकडे पहिली पाच-सहा वर्षं तरी त्याच्याच हातात आहेत, म्हणून त्या वर्षांचा हिशोब वेगळा मागायला हवा. संस्थाचालकांनी कोच नेमताना निदान एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोर्स केलेला किंवा हॉकी इंडियाच्या कोचिंग कोर्सला जायची तयारी असलेला माणूस बघावा, आणि एकदा नेमला की तीन वर्षं तरी हलवू नये. पालकांनी ॲडमिशन घेताना कप किती विचारण्यापेक्षा विचारावं, तुमच्याकडे अंडर-१४ खेळलेली पोरं आज बारावीत असतील, त्यातली किती अजून स्टिक धरतात.

संपादकसाहेब, तुम्हालाही विनंती, निकाल छापता ते छापाच, पण वर्षातून एकदा तुमच्या तालुका प्रतिनिधींना पाठवा आणि चार वर्षांपूर्वीच्या विजेत्या टीमची पोरं आता काय करतायत ते छापा. दोन-चार शाळांची पळापळ होईल, होऊ दे.

आणि एक, मुंबई-पुण्यात हॉकी खेळून सोडलेले आपले चाकरमानी असतील त्यांनी मे महिन्यात येताना जुन्या स्टिका आणाव्यात आणि गावच्या शाळेत द्याव्यात. मोठ्या नकोत, त्या भरपूर पडल्यात. ३२ ते ३५ इंचाच्या, पोरांच्या. शिनगार्ड असतील तर उत्तमच, वास आला तरी चालेल, धुवून घेऊ.

आपला,
हाफला खेळणाऱ्या एका मुलीचा बाप,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग